ब्लॉग, समाजमाध्यमे आणि मजकुराचा पत्ता



विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. तिला संपादक मंडळ नव्हते, लेखकवर्ग नव्हता, कोणा धनिकाचा आश्रयही नव्हता. सरकारी शाळेत शिकवणारा एक तरुण दर महिन्याला आपल्याला जे म्हणायचे आहे ते लिहीत असे, छापून घेत असे आणि वर्गणीदारांकडे पाठवीत असे. मालेचे एकूण ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्या एकाच लेखणीतून उतरला. अशा नियतकालिकाला मराठीत ‘एकटाकी’ असा नेमका शब्द आहे. संगणकाचा भाग वगळला तर ‘ब्लॉग’ या नावाने जगाला परिचित झालेला लेखनप्रकार याहून फार वेगळा नाही. एक माणूस, त्याचे मत, त्याच्या लेखनाचे ठरलेले ठिकाण आणि त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारा वाचक, एवढीच त्याची सामग्री.

शास्त्रीबुवांना छपाई, कागद आणि टपालहशील यांची तजवीज करावी लागली. पुढे आर्यभूषण छापखान्याच्या उभारणीतही ते सहभागी झाले. लेखणी स्वतःची असून भागत नाही, यंत्र कोणाचे आहे यालाही महत्त्व असते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे केवळ त्याची नोंद.

ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेतील पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली आणि छापखान्याची अडचण एका फटक्यात संपली. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मधला; त्याचे ‘ब्लॉग’ हे लघुरूप १९९९ मधले. मराठीत कोणी त्याला ‘अनुदिनी’ म्हटले, कोणी रोजनिशीच्या धर्तीवर ‘जालनिशी’ म्हटले. दोन्ही शब्द देखणे आहेत. पण बोलण्यात ब्लॉगच टिकला. २००३ च्या फेब्रुवारीत गूगलने ही सेवा विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘वर्डप्रेस’ ही कोणालाही विनामूल्य वापरता येईल व स्वतःच्या जागेत बसविता येईल अशी प्रणाली आली. आज जगातील सुमारे ४० टक्के संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. ब्लॉग संपला असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

मराठीची वाट मात्र इतकी सरळ नव्हती. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी लिहिता येत होते, परंतु प्रत्येक कंपनीचा टंक वेगळा आणि त्यामागची अक्षरांची मांडणीही वेगळी. पुण्यात एका टंकात लिहिलेला लेख तोच टंक नसलेल्या नागपूरच्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. पाठविणाऱ्याने टंकही सोबत पाठवायचा, हा त्या काळचा शिष्टाचार! ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते; पण घरोघरच्या संगणकांत ती व्यवस्था विंडोज २००० पासून पुढे हळूहळू रुळली. त्यानंतर ‘बरहा’सारख्या साधनांनी रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिण्याची सोय केली आणि मग परदेशस्थ अभियंते, गृहिणी, प्राध्यापक, बँकेतील निवृत्त अधिकारी असे नाना तऱ्हेचे लोक लिहू लागले. ‘मायबोली’ने १९९६ पासून जगभरच्या मराठी माणसांना एकत्र आणले होतेच, आता प्रत्येकाला स्वतंत्र ओसरी मिळाली. किल्ल्यांच्या भटकंतीची वर्णने, आजीच्या हातचे पदार्थ, चित्रपटगीतांची रसग्रहणे, अमेरिकेतील पहिल्या हिवाळ्याचे अनुभव असे कितीतरी, जे कोणत्याही संपादकाने कदाचित छापले नसते, ते लिहिले गेले आणि वाचलेही गेले. त्या दशकाच्या अखेरीस स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ ही स्पर्धा घेतली, इतका हा प्रवाह दखलपात्र झाला होता.

जुन्या ब्लॉगची घडण

समाजमाध्यमांनी ब्लॉगमध्ये काय बदल केला हे समजण्यासाठी जुन्या ब्लॉगची घडण पाहावी लागते. त्याला तीन आधार होते. पहिला दुव्याचा. एका ब्लॉगलेखकाला दुसऱ्याचे लेखन आवडले की तो त्याचा दुवा आपल्या पानावर देत असे, आणि वाचक एका घरातून दुसऱ्या घरात जावा तसा पुढे जात असे. दुसरा आधार प्रतिसादाचा. लेखाखाली वाचक आपले मत नोंदवीत, चूक दाखवीत, भर घालीत. लेखक उत्तर देई. आणि हा सारा संवाद लेखाला चिकटून कायम राही. समजा, पुरंदरच्या तहावरील लेखात १६६५ ऐवजी १६५६ असे साल पडले, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते दाखवून देई आणि पाच वर्षांनी तो लेख उघडणाऱ्यालाही दुरुस्ती दिसे.

तिसरा आधार सामान्य वाचकाच्या नजरेला न दिसणारा, पण सर्वांत महत्त्वाचा. त्याचे तांत्रिक नाव आरएसएस. (श्रोत्यांना ही तीन अक्षरे अन्य संदर्भात परिचित आहेत, येथे त्यांचा संबंध केवळ संगणकाशी आहे!) ही एक प्रकारची वर्गणीच होती, फक्त विनामूल्य. वाचकाने आपल्या आवडीचे पन्नास ब्लॉग एकदा नोंदवून ठेवले की त्यांपैकी कोठेही नवे काही आले तर ते आपोआप त्याच्यापुढे येई, आणि ज्या क्रमाने प्रसिद्ध झाले त्याच क्रमाने. मधे कोणी निवड करणारा नाही, कोणाला पुढे व कोणाला मागे ढकलणारा नाही. वर्गणीदाराच्या दारात साप्ताहिकाचा अंक पडावा तसा हा व्यवहार होता. गूगलने २००५ मध्ये सुरू केलेली ‘रीडर’ ही सेवा अशा वाचकांचे मोठे आश्रयस्थान होती.

समाजमाध्यमांनी हे तीनही आधार एकेक करून आपल्याकडे घेतले, आणि गंमत अशी की त्याची सुरुवात ब्लॉगच्या घरातूनच झाली. पायरा लॅब्जचे एक संस्थापक इव्हान विल्यम्स. ब्लॉगर गूगलला विकल्यानंतर ते ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक झाले. २००६ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला आरंभी ‘सूक्ष्म ब्लॉग’ असेच म्हटले जाई. पुढे २०१२ मध्ये, दीर्घ लेखनाला जागा उरली नाही असे वाटून की काय, याच गृहस्थांनी ‘मीडियम’ ही लांब लेखांसाठीची सेवा उभी केली. लेखन लांब असावे की आखूड, याविषयी एका माणसाने तीनदा घर बदलले. जगाने तेच केले तर नवल नाही.

आपत्ती आणि साधने

हा बदल प्रत्यक्षात कसा घडला याचा सर्वांत बोलका आलेख मुंबईनेच पाहिला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली, तेव्हा मुंबईतील काही ब्लॉगलेखकांनी पुढाकार घेऊन मदतकार्याच्या माहितीसाठी एक सामूहिक ब्लॉग सुरू केला. कोठे काय हवे, कोणत्या संस्था काम करीत आहेत, बेपत्ता माणसांची चौकशी कोठे करायची, हे सारे एका पत्त्यावर मिळू लागले. निरनिराळ्या देशांतील अनोळखी माणसे पाळी लावून तो चालवीत होती. दुसऱ्या वर्षी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबई पाण्याखाली गेली. तेव्हा याच अनुभवातून ‘मुंबई हेल्प’ हा ब्लॉग उभा राहिला. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांनंतरही तो कामी आला.

त्याच आठवड्यात घडलेली एक गोष्ट नमूद केली पाहिजे. स्फोटांनंतर सरकारने काही मोजकी पाने बंद करण्याचे आदेश इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना दिले. एखादे पान निवडून बंद करणे त्यांपैकी अनेक कंपन्यांना जमले नाही, म्हणून त्यांनी ब्लॉगस्पॉट हे सबंध ठिकाणच बंद केले. परिणामी देशातील हजारो ब्लॉग काही दिवस दिसेनासे झाले. एका खोलीला कुलूप लावायचे म्हणून चाळीचा दरवाजाच लावून घेण्याचा हा प्रकार. दुसऱ्याच्या वास्तूत राहणाऱ्याला शेजाऱ्याच्या कारणानेही बाहेर पडावे लागते, हे तेव्हा प्रथम दिसले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मात्र चित्र पालटलेले होते. दहशतवादी ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये असताना जगातील लोक माहितीसाठी ट्विटरकडे धावले. ऑगस्ट २००७ मध्ये सुचविला गेलेला ‘हॅशटॅग’, म्हणजे विषयाच्या नावाआधी लावायची ती चौकट, त्या रात्री मुंबईच्या नावाने जगभर फिरली. रक्त हवे आहे, अमुक रस्ता बंद आहे, अमुक इस्पितळात जखमींना नेले आहे, असे संदेश क्षणाक्षणाला येत होते. वेगाच्या बाबतीत ब्लॉग त्याच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. परंतु त्याच प्रवाहात अफवाही त्याच वेगाने वाहत होत्या, आणि त्या दुरुस्त करण्याला जागा नव्हती. ब्लॉगवर चुकीची ओळ खोडून शेजारी बरोबर ओळ लिहिता येई. येथे चुकीचा संदेश शंभर जणांनी पुढे पाठविलेला असे आणि दुरुस्ती कदाचित दहांपर्यंत पोहोचे. आज सामूहिक मदत-ब्लॉग कोणी उघडत नाही. २०१५ च्या चेन्नईच्या पुरात मदतीची हाक ट्विटर, फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांवरूनच गेली. तातडीचे काम समाजमाध्यमांनी घेतले, आणि त्यांनीच घ्यावे, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न तातडी संपल्यानंतरच्या लेखनाचा आहे.

चार अक्षरांचा एक शब्द

आखूड लेखनाची मर्यादा मराठीला इंग्रजीपेक्षा अधिक जाचली, ही बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशावरून आलेली. लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. त्यांतील २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून उरलेली १४० मजकुराला. पण युनिकोड देवनागरीत लिहिले की त्याच लघुसंदेशात केवळ ७० चिन्हे मावत. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे! ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द मराठी माणसाच्या डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो. यंत्र मात्र प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक मात्रा वेगळी मोजते आणि त्याची संख्या तेरा भरते. जोडाक्षरांनी समृद्ध असलेल्या भाषेला हा दंडच होता. पुष्कळांनी मग रोमन लिपीत मराठी लिहिणे पत्करले, आणि एका पिढीला ती सवय लागून गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्विटरने मर्यादा दुप्पट करून २८० केली, तोवर लिहिणाऱ्यांची बरीचशी गर्दी फेसबुककडे वळलेली होती.

फेसबुकने मराठी लेखनाला जे दिले तेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ब्लॉग काढण्यासाठी थोडे तंत्र कळावे लागे. फेसबुकवर तेवढेही नको. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचे दर कोसळले. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश झाला, तेव्हा कळफलकाचीही गरज उरली नाही. ज्यांच्या घरात संगणक कधी आला नाही अशा तालुक्याच्या गावांतील शिक्षिका, शेतकरी, शाहीर, एसटीचे वाहक लिहू लागले. ब्लॉगच्या काळात मराठी महाजालावर पुणे, मुंबई आणि परदेश यांचे जे वर्चस्व होते, ते समाजमाध्यमांनी मोडले. ही मोठी गोष्ट आहे. ब्लॉगच्या आठवणींत रमणाऱ्या जाणकारांनी याकडे कानाडोळा करणे योग्य नाही.

तथापि या सोयीची किंमत काय, हेही पाहावे लागते. फेसबुकने २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ आणि २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आणले. तेव्हापासून कोणाचा मजकूर कोणाला दिसणार हे वाचकाच्या वर्गणीवर नव्हे, तर कंपनीच्या गणितावर ठरू लागले. ज्या मजकुरावर लोक थांबतात, चिडतात, भांडतात, तो पुढे. ज्यावर शांतपणे वाचून निघून जातात, तो मागे. दुवा देऊन वाचकाला आपल्या दुकानाबाहेर पाठविणे कोणत्याच दुकानदाराला परवडत नाही. इन्स्टाग्रामवर मजकुरात लिहिलेला दुवा तर दाबून उघडतच नाही. याचा परिणाम ब्लॉगलेखकावर असा झाला की तो आधी आपल्या लेखाचा दुवा फेसबुकवर देऊ लागला. मग दुव्यावर कोणी जात नाही म्हणून लेखातील दोन परिच्छेद तेथे देऊ लागला. मग सगळा लेखच तेथे टाकू लागला. आणि अखेर ब्लॉगवर टाकायचे विसरून गेला. प्रतिसादांचेही तसेच. एकाच लेखावर आज पाच गटांत पाच चर्चा होतात, त्यांतील चार लेखकाला ठाऊकही नसतात. पुरंदरच्या तहाचे चुकलेले साल कोणीतरी कोठेतरी दुरुस्त केलेले असते, पण ती दुरुस्ती मूळ लेखापर्यंत पोहोचत नाही. मार्च २०१३ मध्ये गूगलने ‘रीडर’ बंद करण्याचे जाहीर केले आणि १ जुलै २०१३ रोजी ते बंद झाले. त्या दिवशी वर्गणीदाराच्या दारात अंक पडण्याची जुनी वाट फार मोठ्या वाचकवर्गापुरती मोडली.

लिहिण्याची धाटणीही बदलली. पहिल्या ओळीत वाचकाला पकडायचे, तिसऱ्या ओळीत धक्का द्यायचा, आणि ‘पटले तर पुढे पाठवा’ म्हणून संपवायचे. दीर्घ विवेचनाची जागा क्रमांक घातलेल्या तुकड्यांनी घेतली. ब्लॉगवर आठवडाभर राबून एखाद्या लेण्याविषयी लिहिणारा माणूस आता त्याच लेण्याच्या छायाचित्राखाली चार ओळी लिहितो आणि संध्याकाळपर्यंत किती अंगठे आले ते मोजतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाचक जेथे असतो तेथे लेखकाला जावेच लागते.

मोर्तब

या साऱ्याहून गंभीर बाब वेगळीच आहे. मराठेशाहीतील कागदपत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल की पत्राच्या आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील मोर्तबाचा अर्थच मुळी ‘येथे मर्यादा झाली’ असा आहे. मोर्तबानंतर कोणी एक ओळ वाढविली तर ती बनावट ठरे. पत्र कोणाचे, कोणाला, केव्हाचे आणि कोठवर, हे चारही प्रश्न कागदच सोडवीत असे. ब्लॉगलेखाला ही चारही अंगे असतात. त्याला पत्ता असतो, लेखकाचे नाव वा किमान टोपणनाव असते, दिनांक असतो आणि शेवट असतो. ब्लॉगवर खोटे लिहिले जात नाही असे मुळीच नाही. भरपूर लिहिले जाते. पण त्या खोट्याला घर असते, आणि त्या घरापुढे उभे राहून उत्तर देता येते.

व्हॉट्सॲपवरून पुढे ढकलल्या जाणाऱ्या मजकुराला यांपैकी काहीच नसते. मूळ कोणी लिहिले ते कळत नाही, केव्हा लिहिले ते कळत नाही, वाटेत कोणी किती ओळी वाढविल्या तेही कळत नाही. एखाद्या ब्लॉगलेखकाचा लेख नाव गाळून फिरतो. दुसऱ्याच कोणाचा मजकूर पु. ल. देशपांडे यांच्या वा एखाद्या निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या नावावर फिरतो. सज्जन माणसे तो विश्वासाने वाचतात आणि विश्वासानेच पुढे पाठवितात, कारण तो पाठविणारा मामा असतो, शेजारी असतो, कार्यकर्ता असतो. मजकुराला स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून तो पाठविणाऱ्याची पत वापरतो.

याची परिसीमा महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या, व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवा त्या भागात गाजत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार नाथांचे नाव घेत फिरणारी ती माणसे सोलापूरकडून, मुख्यतः मंगळवेढे भागातून, पोटासाठी तेथे आली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांचा जीव घेण्यात आला. अफवेचा तो संदेश प्रथम कोणी लिहिला, हे मारणाऱ्यांपैकी कोणीही सांगू शकला नसता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यावर मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूणही येऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन आले. वेग कमी झाला. पत्ता मात्र अजूनही नाही, आणि मजकूर कूटबद्ध असल्यामुळे बाहेरून तो शोधताही येत नाही. खासगीपणाचे रक्षण करणारी तीच भिंत मूळ लेखकाचेही रक्षण करते.

दप्तर कोणाकडे?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांत हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ चा. पुढे त्यांनी असे २२ खंड सिद्ध केले. कल्पनेने रंगविलेल्या बखरीपेक्षा दिनांक असलेली चिठ्ठी त्यांना मोलाची वाटे. अशी कागदपत्रे जतन व्हावीत म्हणून १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. दीडशे-दोनशे वर्षे माळ्यावर पडून राहिलेली रुमालात बांधलेली ती पत्रे वाळवीने थोडी खाल्ली, पण उरली. २०१० ते २०२५ या काळातील मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांचा पत्रव्यवहार, त्यांचे वादविवाद, त्यांच्या आठवणी शोधू पाहणाऱ्या उद्याच्या संशोधकाला कोणता वाडा उघडा असेल?

अनुभव फारसा आशादायक नाही. जिओसिटीजवर लोकांनी बांधलेली असंख्य पाने ऑक्टोबर २००९ मध्ये गेली. भारतात घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि त्यातील मराठी समूहांमधील चर्चा पुढे विरल्या. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये संपले. फेसबुकने दीर्घ लेखनासाठी दिलेली ‘नोट्स’ ही सोय २०२० च्या ऑक्टोबरनंतर बंद झाली. २०२२ च्या ऑक्टोबरात ट्विटरचा मालक बदलला आणि दुसऱ्या वर्षी नावही. या प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याचा अपराध काही नव्हता. तो भाडेकरू होता, इतकेच. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही १९९६ पासून काम करणारी संस्था महाजालावरील उघड्या पानांच्या प्रती साठवून ठेवते. परंतु बंद दारांआडचे फेसबुक किंवा व्हॉट्सॲपचे गट तिच्याही आवाक्याबाहेर आहेत.

उलट, जुने मराठी ब्लॉग पाहावेत. कित्येकांवरील शेवटची नोंद २०११ किंवा २०१२ ची आहे, लेखक फेसबुकवर निघून गेला आहे, सजावट जुनाट वाटते. पण लेख जागेवर आहेत. हरिश्चंद्रगडाच्या वाटा शोधताना, अळूच्या फदफद्याची कृती शोधताना वा एखाद्या विस्मृत संगीतकाराविषयी शोधताना गूगल आजही त्या पानांवर नेऊन सोडते. त्याच लेखकाने नंतर फेसबुकवर लिहिलेले याहून सरस असेल, पण ते शोधून काढणे त्याला स्वतःलाही अवघड जाते.

यात आता एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून ज्या यंत्रांशी लोक प्रश्नोत्तरे करतात, ती यंत्रे भाषा शिकतात ती मुख्यतः महाजालावरील उघड्या मजकुरावरून आणि ग्रंथांवरून. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सव्वाआठ कोटींहून अधिक आहेत, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. पण एवढ्या माणसांनी रोज लिहिलेली चांगली मराठी जर बंद गटांत राहणार असेल, तर यंत्राला दिसणारी मराठी ही जाहिरातींची, घाईत भाषांतरित केलेल्या सूचनांची आणि मोजक्या संकेतस्थळांची असेल. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांची तर त्याहून बिकट अवस्था.

समाजमाध्यमांनी ब्लॉग मारला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी ब्लॉगचे काम वाटून घेतले, असे म्हणणे अधिक बरोबर. बातमी, हाक, छायाचित्र, थट्टा, चटकन दिलेली दाद हे सारे त्यांच्याकडे गेले आणि तेथेच ते शोभते. ब्लॉगकडे उरले ते सविस्तर, सावकाश आणि नावानिशी लिहिण्याचे काम. जाणते लेखक आता दोहोंची सांगड घालू लागले आहेत. मूळ लेख स्वतःच्या पत्त्यावर ठेवायचा आणि समाजमाध्यमावर केवळ त्याची दवंडी द्यायची. २०१७ पासून ‘सबस्टॅक’सारख्या सेवांनी लेख थेट वाचकाच्या ई-टपालात पोहोचविण्याची जुनी वर्गणीची पद्धत पुन्हा आणली आहे. २०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या मराठी, हिंदी, कोंकणी आदी भाषांसाठी ‘.भारत’ हा पत्त्याचा शेवट उपलब्ध आहे, म्हणजे घराची पाटीही आपल्या लिपीत लावता येते. स्वतःच्या नावाच्या अशा पत्त्याला दरवर्षी काही शुल्क पडते. ज्यांना तेवढाही व्याप नको त्यांनी ब्लॉगर वा वर्डप्रेसच्या विनामूल्य सेवेत लिहावे. मात्र ती जागाही शेवटी परक्याचीच. म्हणून सगळे लेखन एका धारिकेत उतरवून घेण्याची जी सोय या दोन्ही ठिकाणी आहे, ती वर्षातून दोनदा वापरावी आणि ती धारिका घरच्या संगणकावर ठेवावी.

आणि ज्या घरांत ब्लॉग कधी नव्हताच, तेथे काय? अशा घरांतील आजोबा-आजींनी गेल्या आठ-दहा वर्षांत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पुष्कळ लिहिले आहे. गोवा मुक्तिसंग्रामाच्या काळातील आठवणी, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर फोडलेली खडी, आणीबाणीतील तुरुंगवास, पानशेतच्या पुरात वाहून गेलेले घर. हा मजकूर ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडला गेला आहे. व्हॉट्सॲपमध्ये गटातील संभाषण बाहेर काढण्याची सोय आहे. त्यातून मिळणाऱ्या साध्या धारिकेत प्रत्येक संदेशापुढे पाठविणाऱ्याचे नाव, दिनांक आणि वेळ असते. नातवंडांना हे काम एका रविवारच्या दुपारचे आहे. त्यांतील कोणता मजकूर आजोबांनी स्वतः लिहिला आणि कोणता कोठून आलेला पुढे पाठविला, हे मात्र त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यावे लागते, आणि ते विचारण्यासाठी मिळणारी वर्षे मोजकी आहेत.